उद्या दुपारी चार वाजता

बाईंनी तोच संदेश तिसऱ्यांदा लिहिला आणि तिसऱ्यांदा त्यात मुद्दाम एक चूक केली.

ओळ साधीच होती. "पाहुणा उद्या दुपारी चार वाजता छापखान्यामागच्या खोलीत येईल." डॉक्टरांना पाठवताना त्यांनी 'पाहूणा' लिहिलं, वकिलांना 'दूपारी', आणि सख्ख्या धाकट्या बहिणीला 'खोलित'. धाकटीच्या वेळी बोट जरा अडखळलं.

पाहुणा म्हणजे सरकारी कचेरीतला एक कारकून. कोणाकोणाचे फोन चोरून ऐकले जातात त्याची यादी त्यानं बाहेर आणली होती. सोमवारी कोर्टात त्याची साक्ष होती. तोवर त्याला लपवायचं, एवढंच या चौघांचं काम. पण दोनदा जागा बदलली आणि दोन्ही वेळा तासाभरात सरकारची माणसं दारात हजर. दुसऱ्यांदा बिचारा मागच्या भिंतीवरून उडी मारून निसटला, पाय मुरगळून घेतला.

बाईंनी जन्मभर गणित शिकवलं होतं. फोनमधलं कुलूप गणिताचंच. संदेश निघताना त्याची गिचमिड होते आणि ती फक्त समोरच्याच्या फोनवर उलगडते. मधल्या मधे सरकारलासुद्धा वाचता येत नाही. कुलपावर बाईंचा पूर्ण भरवसा होता. म्हणजे फुटलं होतं ते माणूस. म्हणून ही खोटी खोली आणि या तीन चुका. खोली रिकामी निघाली की बोलावून जाब विचारतील, तो संदेश पुढे टाकतील, हे बाई धरून चालल्या होत्या. ज्याची चूक सरकारदरबारी पोचेल, तो घरभेदी.

"अगं, चहा निवतोय," तात्या म्हणाले.

तात्या म्हणजे बाईंचे यजमान. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, निवृत्त झाले, पण लाल पेन्सिल काही सुटली नाही. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, काही म्हणून सोडत नसत. बाईंचं शुद्धलेखन यथातथाच, त्यामुळे त्यांना घरबसल्या काम मिळे. आताही दूधवाल्यासाठी बाईंनी चिठ्ठी लिहून ठेवली होती, 'उद्या दूध नको'. तात्यांनी 'उद्या'पुढे एक स्वल्पविराम ठोकून दिला.

"दूधवाल्याला काय कळतंय हो त्यातलं?"

"न कळेना का. 'उद्या' म्हटलं की माणसानं जरा थांबावं. व्याकरणात असो नसो, मी थांबतो."

बाई हसल्या. चुकांचा डाव मात्र त्यांनी तात्यांना सांगितला नव्हता. मुद्दाम केलेली चूक त्या माणसाला सोसलीच नसती.

"कोण असेल हो आमच्यात?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी चहा बशीत ओतला. "मी नाव घेत नाही. पण धाकटीच्या नवऱ्याची बदली अडकलीय वरती. कुंपणच शेत खातं कधी कधी. मला तुझी काळजी वाटते, बाकी कशाची नाही."

"तुम्ही फोन तरी वापरायला शिका. मला काही झालं तर?"

"मला नाही कळत त्या डबड्यातलं," म्हणत त्यांनी बाईंचा फोन रोजच्यासारखा चार्जिंगला लावला. उघडायचा आकडा बाई सारख्या विसरत, तेव्हा तात्यांनीच तोडगा काढला होता, लग्नाची तारीख. तेव्हापासून बाई एकदाही विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरकारी कचेरीतून बोलावणं आलं.

तात्यांनी चष्म्याचं घर आणून हातात दिलं. बाई दारापर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या.

"मी अडकले तर पाहुण्याच्या जेवणाचं काय? शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत आहे तो. किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात. फोनवर लिहायची सोय राहिली नाही, आणि तुमच्याशिवाय सांगू कोणाला?"

तात्यांनी बाईंचा हात थोपटला. "तू निर्धास्त जा."

कचेरीतले साहेब अगदी मऊ बोलणारे. "बसा, बाई. घाबरू नका. तुम्हाला काही होणार नाही, तसं ठरलंच आहे."

"कोणाशी?"

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "ही खोली रिकामी निघाली. खरी जागा सांगा आणि घरी जा."

कागदावर टाइप केलेली एकच ओळ होती. बाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि नेमके तीन शब्द शोधले.

पाहुणा. ऱ्हस्व. डॉक्टर सुटले.

दुपारी. तोही ऱ्हस्वच. वकीलही सुटले.

उरली धाकटी. आई गेल्यावर हिला कडेवर घेऊन त्या शाळेत जात होत्या, वर्गात मागच्या बाकावर निजवत होत्या. तिसऱ्या शब्दाकडे बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं.

खोलीत. दीर्घ. बिनचूक.

धाकटी नव्हती! बाईंना तिथेच रडू फुटायचं बाकी राहिलं. आपण हिच्यावर संशय घेतला, याची अशी लाज वाटली की विचारता सोय नाही. पण मग गणित चुकलं कुठे? तिघांपैकी कोणीच नाही, असं उत्तर येतंच कसं? आणि तिन्ही चुका गेल्या कुठे?

टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि ठेवून दिला.

"राहू द्या, बाई. जागा सांगायची गरज उरली नाही आता. तुम्ही घरी जा."

बाई उठल्या नाहीत. त्यांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला आणि या वेळी नुसते शब्द नाही, सगळी ओळ पहिल्यापासून वाचली.

'उद्या'च्या पुढे स्वल्पविराम होता.