भीती वाटली म्हणून

"हे कागद बनावट आहेत," निवृत्त कर्नल माइकमध्ये म्हणाले. "ज्यांना खरे वाटतात त्यांनी सिद्ध करून दाखवावं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मंचावर शेजारीच बसलेल्या संपादकांनी चष्मा पुसला आणि आपली पाळी येण्याची वाट पाहिली. गेले आठ दिवस त्यांचा पेपर हे फुटलेले लष्करी कागद रोज छापत होता. टेकडीवरचं एक ठाणं टिकणं शक्य नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यानं तीनदा वर कळवलं होतं. तरी दर दोन महिन्यांनी तिथं नवी तुकडी जातच राहिली. निम्मं शहर त्यामुळे खवळलं होतं. ठाण्यावरून कमी, पेपरवरून जास्त. बाकीच्या पेपरांनी मौन धरलं होतं. म्हणून रविवारी दुपारी हा परिसंवाद ठेवला होता.

संपादक उठले. ते नेहमीच चांगलं बोलत. आजही बोलले.

"आम्हाला अंधारात ठेवलं गेलं," ते शेवटी म्हणाले. "वेळेवर कळलं असतं तर आम्ही गप्प बसलो नसतो."

आता टाळ्या सभागृहाच्या दुसऱ्या बाजूनं आल्या. त्या थांबायच्या आत पाचव्या रांगेत एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. करडा स्वेटर, हातात छोटी पर्स. त्यांनी माइक मागून घेतला.

"कागद बनावट नाहीत," बाई म्हणाल्या. "लष्कराच्या दफ्तरात मी एकतीस वर्षं टायपिस्ट होते. त्या ठाण्याचे तिन्ही अहवाल मी टाइप केलेत. दुसऱ्या अहवालात, खालून चौथ्या ओळीत 'पाणी' हा शब्द दोनदा पडलाय. माझी चूक. साहेबांनी न बघताच सही केली."

पुढच्या रांगेतल्या एका माणसानं मांडीवरचा पेपर उलगडला. छापलेल्या पानावरून बोट फिरवलं. "आहे," तो म्हणाला. थोडं हसू उमटलं.

संपादकांनी बाईंना ओळखलं होतं. चेहऱ्याच्या आधी आवाज ओळखला होता.

सोळा महिन्यांपूर्वी त्या त्यांच्या केबिनमध्ये आल्या होत्या. पर्समधून तीन पानं काढून टेबलावर ठेवली होती. लढाईला नुकती सुरुवात झाली होती. पेपर रोज जवानांचे फोटो पानभर छापत होता आणि वाचक ते कापून भिंतीला लावत होते. संपादकांनी तिन्ही पानं वाचली. दुसरं पान पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "हे खरे कशावरून?"

"मीच टाइप केलेत," बाई म्हणाल्या होत्या.

"बाई, ही वेळ नाही. आत्ता हे छापलं तर लोक ऑफिस जाळतील."

त्यांनी पानांची नीट घडी घालून बाईंच्या हातात दिली आणि चहा मागवला. बाई चहाला थांबल्या नाहीत. संपादक ती तीन पानं विसरले नव्हते. विसरल्यासारखे वागत राहिले होते, इतकंच.

"ताई," कर्नल मंचावरून म्हणाले. कागद खरे निघाल्यावर त्यांनी आता बाईंनाच धरलं होतं. "एवढं सगळं माहीत होतं, तर तेव्हा का नाही बोललात? कुणी तोंड धरलं होतं?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी मंचाकडे पाहिलं. आता ही सांगणार, असं संपादकांना वाटलं. सांगून टाकावं एकदाचं, असंही वाटलं.

"भीती वाटली," बाई म्हणाल्या. "नोकरी जाईल म्हणून."

"आणि तिकडे पोरं मरत होती," मागून कुणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं. "लाज कशी वाटली नाही?"

बाईंनी मान हलवली आणि खाली बसल्या. संपादकांच्या समोर माइक होता. एकच वाक्य बोलायचं होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला, मग दुसरा. तोवर अध्यक्ष आभार मानायला उठले.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी बाईंना गाठलं. आजूबाजूनं जाणारे लोक संपादकांना नमस्कार करत होते आणि बाईंना वळसा घालून जात होते.

"खोटं का बोललात?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई स्वेटरची बटणं लावत राहिल्या.

"उद्या मी सगळं लिहितो," संपादक म्हणाले. "पहिल्या पानावर. तुम्ही आला होतात आणि मी परत पाठवलं, असं. माझ्या नावानिशी."

"नका लिहू."

"मला हे सोसवत नाही हो."

"लिहिलंत की तुम्हाला मोकळं वाटेल," बाई म्हणाल्या. "पण कर्नलसाहेब म्हणतील, सोळा महिने दडवणाऱ्या पेपरवर विश्वास कसा ठेवायचा? लोकांना तेवढं निमित्त पुरतं. आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी छापत नाहीये."

"लोक तुम्हाला नावं ठेवताहेत."

"ठेवू देत."

संपादकांना वाटत होतं, या बाईनं एकदा तरी आपल्याला बोलावं. "माझा राग नाही येत तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे आले होते, तेव्हा माझ्या थोरल्याला त्या ठाण्यावर जायला एक महिना होता. तो परत आला नाही," बाई म्हणाल्या आणि एक पायरी खाली उतरल्या. "आता पुढच्या सोमवारी धाकट्याची तुकडी त्याच ठाण्यावर निघते. रागाचं मग बघू. उद्याचा अंक तेवढा काढा."