सगळ्यात खालची खोली

बायकोला, शांताक्काला, लिंगायत रीतीप्रमाणे मळ्यात खड्डा खणून माती दिली तेव्हा गौरीशंकरअप्पा रडले नाहीत. नंतर कुणाशी बोललेही नाहीत. त्यांचं मन रमावं म्हणून नातीनं, शिवांजलीनं, मोबाइलवर एक गेम लावून दिला. जमिनीखाली तळघर खणायचं, ढेकर देणारे गमतीदार राक्षस पोसायचे आणि खजिना लुटायला आलेल्या शूरवीरांना त्यांच्याकरवी हाकलायचं.

अप्पा रोज हरायचे. आज शिवांजलीनं डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अज्जा, राक्षस उपाशी बोंबलत्यात, अन् तुमी समदं सोनं दिव्यांवर उधळलंय व्हय? ह्या खालच्या खोलीत तर कुणीच न्हाय!"

अप्पांनी त्या खोलीत आणखी एक दिवा ठेवला.



"तुझ्या अज्जीला अंधारात झोप येत न्हाय."