गाडेकरांना पिल्लू नाही

नलूताईंनी फेसबुकवर कुत्रीच्या पिल्लांचा फोटो आईसकट टाकला होता. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावरच मिळतील, असं स्पष्ट लिहिलंही होतं. तरी गाडेकरांचे सकाळपासून फोनवर फोन चालू होते.

"रविवारी मुलीचा वाढदिवस आहे. आजच द्या ना."

"अहो, किती वेळा सांगू? अजून आईच्या दुधावर आहेत ती."

संध्याकाळी त्याच नंबरवरून त्यांची मुलगी हळूच बोलली, "काकू, बाबांना पिल्लू देऊ नका. आधीचं कुत्रं मोठं झाल्यावर त्यांनी घाटात नेऊन सोडलं."

थोड्या वेळाने गाडेकरांचा फोन आला. "माझा विचार बदललाय," एवढंच नलूताई म्हणाल्या. गाडेकर वाट्टेल तसं बोलले. एरवी नलूताईंनी चांगलं सुनावलं असतं. मुलीचं नाव निघू नये म्हणून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.