सातवं नाव

सहावा माणूस ‘हजर’ म्हणाला आणि पिशवी उचलून बसकडे निघाला. कामासाठी मिळालेला पिवळा शर्ट त्याच्या गुडघ्यापर्यंत आला होता.

“शर्ट घातलायस की तंबू?” बेसिल मागून ओरडला. “चौघं झोपतील त्यात.”

बायका हसल्या. फिलिपाही हसली. ती कालच यादी घेऊन शहरातून आली होती. लोक आपल्यासमोर हसतायत, याचं तिला बरं वाटलं. तिनं भोंगा तोंडाला लावला आणि सातवं नाव वाचलं.

हसणं मध्येच तुटलं.

नाव दुकानाच्या पत्र्यावर आदळून परत आलं. बाकावर बसलेल्या क्लिफर्डनं छाती धरली, कुणी ढकलल्यासारखी. त्याचं डोकं भादरलेलं होतं. डोक्यावर आणि हातांवर सुतकाची पांढरी माती होती. ते नाव त्याच्या बायकोचं होतं. तिला पुरून एकवीस दिवस झाले होते आणि तेव्हापासून वस्तीत ते कुणी उच्चारलं नव्हतं. उच्चारायचंच नसतं. गेलेल्या माणसाला हाक मारत राहिलं तर ते जाईल कसं?

यादीतली मात्र ती नव्हती. यादीत तिच्या बहिणीची मुलगी होती, मावशीचंच नाव ठेवलेली. तीन आठवडे सगळे त्या मुलीला कुमांजाई म्हणत होते. ज्याचं नाव असं मिटतं त्या प्रत्येकाला हेच म्हणतात. पण यादी शहरात टाइप झाली होती, जुन्या अर्जांवरून.

कुमांजाई रांगेत पुढेच उभी होती. वय एकोणीस. रस्ता सपाट करायला शहरातून ग्रेडर यायचा, त्याच्या ड्रायव्हरशेजारी बसून दोन वर्षांत ती ते यंत्र शिकली होती. फक्त परवान्याचा कागद नव्हता. आता सहा आठवडे शहरात शिकायचं आणि कागद घेऊन यायचं, मग इथला रस्ता इथलीच माणसं करणार होती, वस्तीच्या स्वतःच्या कंपनीतून. जागा बारा होत्या. बस नऊला सुटणार होती.

त्या नावाला ती ‘ओ’ कशी देणार? समोर क्लिफर्ड बसला होता.

फिलिपानं पुन्हा नाव वाचलं, जरा जोरात.

म्हातारी रोझलिन जमिनीवर बसली आणि मुठीनं माती उचलून डोक्यावर घ्यायला लागली. कुत्रीसुद्धा बसच्या सावलीत गेली.

बेसिल पुढे आला. “बाई, ते नको.”

“काय नको?”

“ते. आत्ता वाचलंत ते.”

“म्हणजे ती येणार नाही का?”

बेसिलनं क्लिफर्डकडे पाहिलं. नवऱ्यासमोर त्याच्या बायकोबद्दल आता काय बोलायचं? तो खाली मान घालून बाजूला झाला.

तेवढ्यात कुमांजाईनं हात वर केला.

“तू आहेस का? बरं झालं. नाव सांग, खूण करते.”

“कुमांजाई.”

फिलिपानं यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. “असं नाव नाही गं इथं.”

“आहे. सातवं.”

“सातवं दुसरंच आहे. तेच तुझं असेल तर एकदा तोंडानं म्हण, बास.”

मुलीच्या हातातल्या पिशवीचा बंद ताणला गेला.

“मागच्या वेळी एकाच्या जागेवर दुसराच जाऊन बसला होता,” फिलिपा म्हणाली. ती रागावलेली नव्हती. “म्हणून मला सांगून पाठवलंय. तीनदा हाक मारायची. ओ आली नाही तर जागा पुढच्या वस्तीला. मी तरी काय करू?”

तिनं भोंगा पुन्हा वर केला.

क्लिफर्ड केव्हा उठला ते कुणी पाहिलं नाही. त्याचा तळवा भोंग्याच्या तोंडावर आला.

“तिसऱ्यांदा नको, पोरी.”

त्यानं दुसरा हात पुढे केला. फिलिपानं यादी दिली. त्याला वाचता येत नव्हतं. पण बायको चित्रं काढायची, आणि प्रत्येक चित्राच्या पाठीमागे एक शब्द लिहायची. तीस वर्षं ती चित्रं त्यानंच उचलून ठेवली होती. तो एक शब्द त्याला ओळखता येत होता. त्यानं यादीत तो शोधला आणि त्यावर अंगठा दाबून ठेवला.

“ही हजर आहे.”

“तुम्ही हिचे कोण?”

“नवरा.”

“माझे वडील,” कुमांजाई त्याच वेळी म्हणाली. मावशी म्हणजे आईच, मग तो बापच.

फिलिपानं मुलीकडे पाहिलं. मग भादरलेल्या डोक्याकडे, हातावरच्या मातीकडे, खाली बसलेल्या रोझलिनकडे. मग त्या अंगठ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. भोंगा हळूहळू खाली आला.

“मी दोनदा...” ती म्हणाली.

“लिही,” क्लिफर्ड म्हणाला. “बस सुटेल.”

नावापुढे खूण होईपर्यंत त्यानं अंगठा हलवला नाही. मग उचलला. घामानं ओली झालेली पांढरी माती नावावर चिकटून राहिली होती. फिलिपानं ती पुसली नाही.

कुमांजाई बसकडे गेली. क्लिफर्ड बाकावर जाऊन बसला आणि त्यानं अंगठा मुठीत धरला.

रांगेत अजून पाच जण होते. फिलिपानं भोंगा जमिनीवर ठेवला. यादी छातीशी उलटी धरून ती आठव्या माणसाजवळ चालत गेली, अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाली,

“तुम्हाला काय म्हणून हाक मारू?”