राहिलेला भाग

"गवंडी आल्याशिवाय शेवटचा भाग लावायचा नाही. हुकूम नाही हं हा, आपलं ठरलंय."

नवऱ्याचे शब्द आठवले आणि रिमोटचं बटण दाबायला निघालेलं तिचं बोट थांबलं.

"लावा वहिनी," वायरमन म्हणाला. "उद्या लेक येतेय मला न्यायला. परत कधी येणं होईल, देव जाणे."

"देव? तुम्ही कधीपासून त्याचं नाव घ्यायला लागलात?"

"तुमच्या चहाबरोबर पोटात गेला असेल."

तिचा नवरा पुस्तकांचा बाइंडर होता. त्याच्या या खोलीत कागद कापायचं यंत्र अजून होतं, खळीचा वास भिंतींत मुरलेला. दर रविवारी इथे अराजकवाद्यांची बैठक भरायची; गवंडी, वायरमन त्यातलेच. सरकार नको, मालक नको, असं करत आवाज टिपेला जायचे. मग चहा, आणि मग टीव्हीवर ती अंतराळयानाची मालिका. त्या यानाला कप्तान नव्हता. सतरा जण मिळून वाट ठरवायचे. भांडून घसा बसलेली ही माणसं यान हललं की श्वास रोखून बसायची. जप आटोपून ती ट्रे ठेवायला यायची आणि दाराशी उभ्या उभ्या अख्खा भाग बघून जायची.

यान घरी पोचलं का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

शेवटचा भाग लावायच्या रविवारी कुणीतरी यायचं होतं म्हणून सगळे थांबले होते. गवंडी खवळला. "सगळे आल्याशिवाय लावायचं नाही, हा कायदाच झाला की! मग सरकारनं काय घोडं मारलंय?" सगळे हसले. तीही हसली. गवंडी उठला तो गेलाच.

शेवटच्या आजारपणात तिने नवऱ्याला विचारलं होतं, "लावू का? कुणाला कळणार आहे?" त्याने मान हलवली, नको. डोळे मात्र बंद टीव्हीवरच होते.

"तुमच्या नेमाला देव साक्षी असतो वहिनी," वायरमन म्हणाला. "आमच्याला कोण आहे?"

रिमोट तिने मधल्या स्टुलावर ठेवला. कुणा एकाच्या हातात राहू नये म्हणून त्याची जागा तीच. खिळ्याला गवंड्याचा ओळंबा लटकत होता. भिंत सरळ आहे का ते बघायचा, रागाच्या भरात विसरलेला. तिने तो उतरवून कापडी पिशवीत टाकला.

"अहो, जप राहील तुमचा."

"वाटेत करीन. पुलापलीकडेच राहतो ना अजून?"

"हो. पण येईल?"

"विचारते. ओढून आणायला मी कोण?"

"आणि नाही म्हणाला तर?"

"मी हसले ते चुकलं, एवढं तरी सांगून होईल."

तिने चपला घातल्या, पायऱ्या उतरली. रस्त्यावर वारा सुटला होता. तिच्या हातातली पिशवी ओळंब्याच्या भाराने सरळ खाली लोंबत होती.