न आवरलेला हात

साठी उलटल्यावर व्यंगचित्रकार बाईंचा हात थरथरू लागला, रेषाही हलू लागली. संपादकांनी चाचरत सांगितलं, "ताई, भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलंत. आता थांबा. उद्याचं चित्र शेवटचं." घरी नवरा समजूत काढायला गेला, "वाईट वाटून घेऊ नकोस." "वाईट वाटायला वेळ कुठेय? सरकार पडायला आलंय," म्हणत त्यांनी कागद ओढला. पंतप्रधानांची खुर्ची काढताना हात आवरलाच नाही. खुर्चीचे चारही पाय लटपटले, तिला घट्ट धरून बसलेले पंतप्रधान मिशांसकट थरथरले. नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या दिवशी सभागृहात विरोधकांनी पेपरातलं तेच चित्र फडकवलं. संध्याकाळी सरकार कोसळलं. संपादकांचा फोन आला, "ताई, ही थरथरती रेषा दुसऱ्या कुणाला जमायची नाही! उद्या काय काढताय?" "नव्या पंतप्रधानांचा शपथविधी," बाई म्हणाल्या, "बघू, त्यांचा हात किती कापतो!"