बोलण्याआधीचा घोट

त्या इंग्रज नटाच्या पत्राला मी कधीच उत्तर दिलं नव्हतं. अकोल्याच्या शाळेत वर्गापुढे माझी वाचा बसायची. टीव्हीवरच्या मालिकेत तो बोलण्याआधी पाण्याचा घोट घेई. मीही टेबलावर पेला ठेवू लागलो आणि शिकवू शकलो. आभार कळवल्यावर त्याने लिहिलं, “रंगमंचावर मलाही बोलणं सुचत नसे, म्हणून तो घोट. वर्गातली मुलं ऐकतात का?” मलाच खात्री नसताना ऐकतात, असं कोणत्या तोंडानं सांगणार? परवा अमरावतीला माझ्या घरी जुनी विद्यार्थिनी जेबा आली. नव्वदीचा तो नट शेवटचं नाटक करतोय, असं सांगून मी तोच प्रश्न तिला विचारला. “सर, कावून विचारून राहिले? तुमी गिलास उचलला का आमी चूप! पाणी संपलं तं तुमी पळून जासान, असं वाटे.” मी हसलो. “मुलं ऐकत होती. तुमचे उपकार,” एवढंच लिहून पत्र पोस्टात टाकलं.